आयएनएस राजपूत, १:३५० (प्रकल्प नोंदी)

१२ मे २०२४

आयएनएस राजपूत या विनाशिकेचं मॉडेल करायचं हे नक्की. मोजमापही नक्की, १:३५०. अडलंय ते सालावर. राजपूत खरी, पण कोणत्या सालची?

४ मे १९८० ला जॉर्जियातल्या पोती बंदरात ती नौदलात दाखल झाली. आपले मॉस्कोतले तेव्हाचे राजदूत इंद्रकुमार गुजराल समारंभाला होते. पहिले कमांडिंग ऑफिसर होते कॅप्टन गुलाब मोहनलाल हिरानंदानी. २१ मे २०२१ ला विशाखापट्टणमला ती निवृत्त झाली. मधे ४१ वर्षं आणि ३१ कमांडिंग ऑफिसर. एवढ्या काळात तिच्यावरची क्षेपणास्त्रं बदलली, काही ठिकाणी डेकचा तोंडावळा बदलला, मागे फडकणारा नौदलाचा ध्वजसुद्धा बदलला. मॉडेलला हे सगळं एकदम दाखवता येत नाही. ते कुठल्या तरी एकाच दिवसाचं असतं, आणि तो दिवस आधी ठरला नाही तर पुढची प्रत्येक पट्टी कापताना हात थांबतो.

भाच्याचं मत ठाम आहे. "मामा, ब्राह्मोस नसलेली राजपूत कोण बघणार?" तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याच्या दृष्टीने हे जहाज म्हणजे ब्राह्मोस पहिल्यांदा जिच्यावरून समुद्रात डागलं गेलं ती विनाशिका. २००३ ची गोष्ट ती. त्याचं म्हणणं चूक नाही.

२६ मे २०२४

१९८० ठरलं. पोतीहून निघाली तशी राजपूत.

कारण लिहून ठेवतो, म्हणजे पुन्हा वाद नको. ब्राह्मोसच्या काळातली राजपूत ही चाचणीसाठी जुळवून घेतलेली नौका होती. हे जोडलं, ते काढलं. त्यात तिचा मोठेपणा आहेच. पण मला जहाजाची रचना समजून घ्यायची आहे, आणि ती स्वच्छ दिसते ती पहिल्या दिवशी. १९८० साली तिच्यावरचं जवळजवळ सगळं एकाच विचाराने, एकाच आराखड्यातून आलेलं होतं.

तो आराखडा सोव्हिएत नौदलाचा 'प्रकल्प ६१'. नाटोच्या कागदपत्रांत काशिन. पहिलं जहाज १९६२ मध्ये सेवेत आलं. सोव्हिएत नौदलासाठी एकूण २० बांधली गेली, त्यातली १५ काळ्या समुद्राजवळच्या निकोलायेव्हला आणि ५ लेनिनग्राडला. मग भारतासाठी सुधारलेली ५, '६१ एमई' या नावाने, सगळी निकोलायेव्हच्या '६१ कम्युनार्ड्स' गोदीत: राजपूत, राणा, रणजीत, रणवीर, रणविजय. राजपूतचं बांधणीच्या वेळचं रशियन नाव नादेझ्नी. आजच्या नकाशात पाहिलं तर ती बांधली गेली युक्रेनमध्ये आणि आपल्या ताब्यात आली जॉर्जियात. तेव्हा दोन्हीकडे झेंडा एकच होता.

रणजीत २०१९ मध्ये गेली. राणा, रणवीर आणि रणविजय आजही चालू आहेत.

९ जून २०२४

भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून शिवणीची फळी आणली. शिवण हलकी, सरळ रेषांची, रंध्याखाली भुगा न होता साल निघते. हल, म्हणजे जहाजाचं धड, त्याचाच. त्यावर स्टायरीन या प्लास्टिकच्या शीटचं कातडं.

आकडे: खरी लांबी साधारण १४६.५ मीटर, रुंदी १५.८ मीटर. ३५० ने भागल्यावर ४१८.५ मिलिमीटर आणि ४५ मिलिमीटर. लांबी रुंदीच्या नऊपटींहून जास्त. कागदावर हा आकडा साधा वाटतो, फळीवर पेन्सिलीने रेघ मारल्यावर कळतं की ही किती सडपातळ बाई आहे. पूर्ण भारात साधारण ५,००० टन, आणि वेग ३५ नॉटपर्यंत. हा वेग हवा तर असा आकार ओघाने येतोच.

पाण्याखालचा भाग करणार नाही. पाण्याच्या रेषेपासून वर. जहाज मी जेव्हा केव्हा पाहिलं ते पाण्यातच पाहिलंय.

गंमत म्हणून शेजारी दुसरी पट्टी कापून ठेवली, ३१२ मिलिमीटरची. ही जुनी राजपूत. १९४९ मध्ये ब्रिटनकडून आपण तीन दुसऱ्या महायुद्धातल्या विनाशिका घेतल्या होत्या: रॉदरहॅम, रिडाउट आणि रेडर. त्यांची नावं अनुक्रमे राजपूत, रणजीत, राणा. १९८० नंतर आलेल्या पहिल्या तीन नावांचा वारसा तिथला. डिसेंबर १९७१ मध्ये विशाखापट्टणमच्या बाहेर पाकिस्तानची गाझी ही पाणबुडी बुडाली, त्याचं श्रेय आपलं नौदल त्याच जुन्या राजपूतला देतं. १०९ मीटरची, वाफेवर चालणारी. दोन्ही पट्ट्या टेबलावर जोडीने ठेवल्या की तीस-चाळीस वर्षांत विनाशिका या प्रकाराचं काय झालं ते दिसतं. जुनीच्या अंगावर तोफा आणि टॉर्पेडो, नवीच्या अंगावर क्षेपणास्त्रं, रडारं आणि हेलिकॉप्टर. लांबी वाढली ती इंजिनासाठी कमी आणि या सामानासाठी जास्त.

३० जून २०२४

हल तासून झाला. नाळेचा, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाचा, पुढे झुकलेला कोन आणि पुढून मागे उतरत जाणारी डेकची रेघ, या दोनच गोष्टींवर सगळा चेहरा आहे. ही रेघ सरळ झाली की कुठलंही मालवाहू जहाज वाटतं. आधी कानस, मग १२० नंबरचा पॉलिश पेपर, मग २४०. सीलरचे हात देऊन ठेवले, पावसाळ्यात शिवण फुगायला नको.

ऑनलाइन मागवलेली अर्ध्या मिलिमीटरची स्टायरीन शीट एक मिलिमीटरची निघाली. दुकानदार म्हणाला परत घेतो, पण कुरिअर तुमचं. ठेवून घेतली. डेकहाऊसच्या आतल्या भिंतींना चालेल.

२१ जुलै २०२४

धुराडी.

या जहाजाबद्दल बोलायचं तर इथूनच बोलायला हवं. चार धुराडी, जोडीजोडीने दोन ठिकाणी, प्रत्येक जोडीतली दोन एकमेकांपासून फटकून बाहेरच्या बाजूंना कललेली. मुंबईला शाळेत असताना गेटवेवरून नौदलाची जहाजं मोजायचो तेव्हा बाकी कुठलंही जहाज चुकायचं, हे नाही. दोन शिंगं पुढे, दोन मागे.

मोठी आहेत कारण आत बॉयलर नाहीत. फक्त गॅस टर्बाइनवर चालणाऱ्या मोठ्या लढाऊ जहाजांचा हा जगातला पहिला वर्ग. चार टर्बाइनं, प्रत्येकी १८,००० अश्वशक्तीची, एकूण ७२,०००; दोन दंड (शाफ्ट), प्रत्येक दंडावर दोन. गॅस टर्बाइन तेवढ्याच ताकदीच्या बॉयलरच्या मानाने कितीतरी जास्त हवा गिळते आणि तेवढीच तापलेली हवा बाहेर फेकते. आत घ्यायचा मार्ग रुंद, बाहेर टाकायचा त्याहून रुंद. शिवाय ही धग डोलकाठ्यांवरच्या रडारांपासून दूर ठेवायची, म्हणून धुराडी मधोमध न ठेवता दोन्ही बाजूंना सरकवलेली. डेकवरची बरीचशी जागा या चौघांनी खाल्ली आहे, आणि उरलेलं सगळं सामान त्यांच्या मधल्या फटींत बसवलंय. पुढे काम करताना हे पावलोपावली जाणवणार.

बदल्यात काय मिळालं? वाफेच्या जहाजाला बॉयलर पेटवून दाब येईपर्यंत तासन् तास थांबावं लागतं. टर्बाइन मिनिटांत तयार होते. आणि आवाज. सोव्हिएत खलाशी या जहाजांना 'गाणारी फ्रिगेट' म्हणायचे, टर्बाइनच्या शिट्टीवरून. आता हा आवाज १:३५० मध्ये कसा आणणार, ते मात्र भाच्याने विचारू नये.

टर्बाइनं बनवणारं निकोलायेव्ह पुढेही आपल्याला सुटलं नाही. माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या दिल्ली वर्गाच्या विनाशिका घ्या, त्यांच्याही पोटात त्याच शहरातल्या झोर्या कारखान्याची टर्बाइनं आहेत. मुंबईत बांधलेलं जहाज, आणि त्याचं हृदय त्याच नदीकाठचं.

काम: प्रत्येक धुराडं चार भिंती आणि वरचं जाळीदार तोंड. भिंतींचे कोन चारही ठिकाणी सारखे यायला हवेत म्हणून एक लाकडी साचा केला, त्यावरच चिकटवतोय. तोंडाच्या आडव्या पट्ट्या ०.२५ मिलिमीटरच्या स्टायरीनच्या. चष्मा, वर भिंग, तोंडात दात आवळलेले.

११ ऑगस्ट २०२४

पाऊस. प्रायमर मारला तर दुधाळ झाक येते. हवा कोरडी होईपर्यंत रंगाचं काम बंद.

त्या ऐवजी पेट्या केल्या. ब्रिजच्या, म्हणजे जहाज जिथून चालवतात त्या खोलीच्या, दोन्ही बाजूंना दोन-दोन, तोंड पुढे करून ठेवलेल्या गोल टोपीच्या पेट्या. आत पी-२० क्षेपणास्त्रं, म्हणजे पी-१५ ची निर्यातीसाठीची पुढची पिढी. नाटोचं नाव स्टिक्स. १९७१ च्या ४ डिसेंबरच्या रात्री मुंबईच्या निपात, निर्घात आणि वीर या छोट्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर जे सोडलं त्या कुळातलं हे. त्या नौका तिथपर्यंत काही अंतर ओढून न्याव्या लागल्या होत्या, त्यांचा पल्लाच तोकडा. राजपूतला तेच हत्यार मोठ्या, दूर जाणाऱ्या जहाजावर मिळालं. १९७१ चा धडा आणि १९८० चं जहाज यांची गाठ या चार पेट्यांत पडते, असं मला वाटतं.

सोव्हिएत नौदलाने आपल्या सुधारित काशिनवर याच पेट्या मागच्या बाजूला, तोंड मागे करून ठेवल्या होत्या. आपल्या पाचही जहाजांवर त्या पुढे तोंड करून आहेत. पुढच्या बाजूने फोटो काढला तर भारतीय आहे की सोव्हिएत, हे याच खुणेवरून ओळखायचं.

भाचा आला होता. "यातल्याच काढून ब्राह्मोस बसवले ना?" म्हणाला. हो, यांच्याच जागेवर. "मग तू ह्या पेट्या निघतील अशा कर. मी माझ्या वर्षाच्या लावतो." नाही म्हटलं. रुसून चहा न घेता गेला, पण संध्याकाळी फोनवर 'रणवीर मी करतो' असा निरोप.

२९ सप्टेंबर २०२४

गणपती झाले, हवा कोरडी. प्रायमर आता नीट बसतोय.

२० ऑक्टोबर २०२४

आत्तेभावाच्या भोसरीच्या वर्कशॉपमध्ये सबंध रविवार. त्याच्याकडे छोटा लेथ आहे. गोल वस्तू तिथे, चौकोनी घरी, अशी वाटणी.

आरबीयू-६०००: पाणबुडीवर मारायच्या रॉकेटांचा लाँचर, १२ नळ्या नालाच्या आकारात. असे दोन. रॉकेटाचा व्यास २१३ मिलिमीटर, म्हणजे मॉडेलमध्ये ०.६. पितळी नळीचे ०.८ मिलिमीटरचे २४ तुकडे, सगळे एका लांबीचे. आत्तेभाऊ म्हणाला, "अरे, हे कुणाला दिसणार आहे?" मला दिसणार आहे. खरा लाँचर भरायची तऱ्हा बघण्यासारखी: नळ्या सरळ उभ्या होतात आणि डेकखालच्या कोठारातून एकेक रॉकेट आपोआप वर चढवलं जातं. माणसाला डेकवर यावंच लागत नाही.

मग वोल्ना. हवाई हल्ल्याविरुद्धचा दोन हातांचा लाँचर, एक पुढे, एक मागे. हे क्षेपणास्त्र आपल्याकडे बऱ्याच लोकांना वेगळ्या नावाने माहीत आहे: हवाई दलाचं पेचोरा. जमिनीवरचं एस-१२५ आणि जहाजावरचं वोल्ना ही एकाच घरातली. इथेही कोठार डेकखाली, लाँचरचे हात उभे झाले की खालून क्षेपणास्त्रं वर सरकतात. म्हणजे प्रत्येक लाँचरच्या पायाशी स्फोटकांनी भरलेली खोली.

मागचा लाँचर बसवताना ओत्वाझ्नीची आठवण येतेच. हा सोव्हिएत नौदलाचा काशिन. ३० ऑगस्ट १९७४ ला काळ्या समुद्रात त्याच्या मागच्या वोल्नाच्या कोठारात क्षेपणास्त्राने पेट घेतला. जहाज काही तास जळत राहिलं आणि बुडालं. या वर्गाच्या वरच्या बांधकामात वजन वाचवण्यासाठी ॲल्युमिनियमचं मिश्रधातू बऱ्यापैकी वापरलंय, आणि आगीत ॲल्युमिनियम पोलादासारखं टिकत नाही. वर हलकं ठेवलं म्हणून एवढी रडारं उंच चढवता आली, हेही खरं. आरेखकाने किंमत मोजूनच घेतलेला निर्णय दिसतो.

आपल्याकडचा ताजा घाव वेगळ्या प्रकारचा. १८ जानेवारी २०२२ ला मुंबईच्या गोदीत रणवीरच्या आतल्या एका कंपार्टमेंटमध्ये स्फोट झाला आणि तीन नौसैनिक गेले. भाच्याला रणवीर करायची आहे, त्याला हे सांगून ठेवलं.

१० नोव्हेंबर २०२४

तोफ. पुढे एकच, जुळी ७६ मिलिमीटरची एके-७२६. मूळ काशिनला मागेही अशीच एक होती. आपल्यासाठी बांधताना मागची काढून तिथे हेलिकॉप्टरचं हँगर केलं, आणि माझ्या मते या पाच जहाजांमधला हाच सर्वांत शहाणा बदल. जुन्या काशिनला मागे हेलिकॉप्टर उतरवण्यापुरती जागा होती, पण त्याला ठेवायला घर नव्हतं. समुद्रावर महिनाभर उघड्यावर खारं पाणी खात उभं राहिलेलं हेलिकॉप्टर किती कामाचं? हँगर दिलं की ते जहाजाचं होतं.

नळ्यांसाठी इन्सुलिनच्या सुया. ७६ मिलिमीटर भागिले ३५० म्हणजे ०.२२, तोफेच्या नळीची बाहेरची जाडी धरून ३० गेजची सुई, बाहेरून ०.३ मिलिमीटर, बरोबर बसते. टोक कानशीने सपाट केलं तर आतलं भोकही दिसतं. मधुमेहाचा एवढा तरी उपयोग.

हेलिकॉप्टर केलं कामोव्ह केए-२५. एकावर एक, उलट दिशांना फिरणारे दोन पंखे. शेपटीवर वेगळा पंखा लागत नाही, त्यामुळे लांबी कमी, छोट्या हँगरला सोयीचं. पंख्याचा व्यास मोजून पाहिला आणि दोनदा भागाकार केला: १५.७४ मीटर. जहाजाची रुंदी १५.८. म्हणजे पाती उघडलेला कामोव्ह डेकच्या या काठापासून त्या काठापर्यंत पोचतो. पाती दुमडल्याशिवाय तो आत जाणारच नाही. मॉडेलमध्ये मी दुमडलेलीच ठेवली. उघडी ठेवली तर मागचा सगळा भाग झाकून जातो आणि हँगर दाखवायचा मुद्दाच राहत नाही.

४ डिसेंबर २०२४

नौदल दिन. यंदाचा कार्यक्रम पुरीला, टीव्हीवर लावून ठेवला होता. गेल्या वर्षी सिंधुदुर्गावर होता तेव्हा मालवणला जायचं राहूनच गेलं.

हातात डोलकाठ्या. दोन्ही जाळीच्या. पितळी तार ०.३ आणि ०.२, साच्यावर ठेवून डाख देतोय. एक सांधा जुळवला की उष्णतेने शेजारचा सुटतो, म्हणून ओल्या कापसाचे बोळे बांधून एकेक सांधा. पुढच्या डोलकाठीवर अंगारा हे रडार, मागच्यावर क्लिव्हर ही मोठी जाळी. हिचं नाटोचं नावच 'बिग नेट'. त्याशिवाय वोल्नाला दिशा देणारे ताटल्यांचे दोन ढीग, एक पुढे, एक मागे. पुढचा-मागचा दोन्ही लाँचर स्वतंत्रपणे लढू शकावेत म्हणून सगळंच दुहेरी.

धुराड्यांच्या मधल्या फटीत टॉर्पेडोची पाच नळ्यांची गाडी. ५३३ मिलिमीटर म्हणजे दीड मिलिमीटरच्या पाच नळ्या. सोपं काम, एका बैठकीत झालं. कडेच्या चार एके-२३० जुळ्या तोफाही लागल्या. रणवीर आणि रणविजयवर यांच्या जागी एके-६३० आहेत. १९८० चा नियम इथेही लागू: राजपूतवर २३० च.

१२ जानेवारी २०२५

ध्वज.

छापून, पातळ टिश्यू कागदावर, पिठाच्या खळीने दुमड देऊन. करायला तासभर लागला, ठरवायला लागलाच नाही, कारण साल ठरलेलं. पण सालाचा निर्णय नसता तर इथे चार पर्याय होते, आणि चारही राजपूतवर खरोखर फडकलेले.

१९५० पासून २००१ पर्यंत: पांढऱ्यावर लाल क्रॉस, वरच्या कोपऱ्यात तिरंगा. २००१ मध्ये क्रॉस गेला, पांढऱ्यावर निळं नौदलाचं चिन्ह आलं. पण निळं चिन्ह दुरून आकाशात आणि समुद्रात विरून जायचं अशी तक्रार झाली. २००४ मध्ये लाल क्रॉस परत, मधोमध अशोकस्तंभ. २०१४ मध्ये त्याखाली 'सत्यमेव जयते'. राजपूत निवृत्त झाली ती या चौथ्याखाली. २ सप्टेंबर २०२२ ला कोचीत विक्रांत दाखल झाली त्या दिवशीचा पाचवा ध्वज, ज्यातली अष्टकोनी किनार शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतली आहे, तो तिला मिळाला नाही. राणा, रणवीर आणि रणविजयला मिळाला.

आमच्या ओळखीतल्या एका काकांनी मॉडेल पाहिलं आणि पहिलं वाक्य: "अहो, हा इंग्रजांचा क्रॉस कशाला ठेवलात? महाराजांचा ध्वज लावा की." त्यांना सांगितलं, काका, ही १९८० सालची आहे, तेव्हा हाच होता. पटलं नाही त्यांना. महाराजांच्या ध्वजाचं मलाही अप्रूप आहे. पण जिने तो कधी मिरवलाच नाही तिच्यावर तो लावणं हा जहाजाचाही अपमान आणि ध्वजाचाही.

ब्रिजच्या पंखावर 'राज करेगा राजपूत' लिहायचा मोह होता, तिचं घोषवाक्य ते. आणि लष्कराच्या राजपूत रेजिमेंटशी तिचं नातं जोडलेलं होतं, आपल्या नौदलातलं असं पहिलंच जहाज. पण अक्षर अर्ध्या मिलिमीटरचं होतं. नाही जमत.

२ फेब्रुवारी २०२५

रंगाचे शेवटचे हात, मग वॉश (जुनेपणा दाखवणारा पातळ रंग), मग मॅट वार्निश. हलवर तिचा क्रमांक, डी ५१. पाण्याच्या रेषेलगत काळा पट्टा, त्यासाठी मास्किंग टेप तीन ठिकाणी परत लावावी लागली.

वॉश कमीच ठेवला. काही मंडळी जहाजाची मॉडेलं गंजाने माखून ठेवतात, वर्षानुवर्षं समुद्रावर असल्यासारखी. पोतीत नुकतीच दाखल झालेली विनाशिका गंजलेली कशी असेल? धुराड्यांच्या तोंडाशी काजळी दिली, कारण चाचण्यांच्या फेऱ्या तिने मारलेल्या असणारच. बाकी स्वच्छ.

पायाला सागाची पट्टी, त्यावर ॲक्रिलिकचा डबा. भोसरीहून आला. पाटीवर: 'आयएनएस राजपूत, पोती, मे १९८०'. आत्तेभाऊ म्हणाला, बांधली कुठे तेही लिही. खाली लहान अक्षरांत 'बांधणी: निकोलायेव्ह' घातलं. तिथली ती गोदी म्हणजे मॉस्क्वा ही रशियाची क्रूझर जिथे बांधली गेली तीच. मॉस्क्वा २०२२ च्या एप्रिलमध्ये काळ्या समुद्रात बुडाली, आणि ज्या देशाशी झुंजताना बुडाली त्याच देशातली ती गोदी. पाटीवर एवढं सगळं मावत नाही.

भाच्याने रणवीरच्या हलचे आराखडे काढायला घेतलेत. २००८ मध्ये तिच्यावरून ब्राह्मोस सरळ उभं सोडलं, डेकमधून वर. ते साल त्याने धरलंय. मागचा वोल्ना काढून त्या जागी उभ्या नळ्यांचा संच बसवलेला. म्हणजे मला सर्वांत जास्त छळलेला मागचा लाँचर त्याला करावाच लागणार नाही. "बघ मामा, म्हणूनच म्हणत होतो ब्राह्मोस कर." आरबीयूच्या २४ नळ्या मात्र त्यालाही चुकणार नाहीत. आत्तेभावाला मी आधीच सांगून ठेवलंय, लेथवर त्याला स्वतःला उभं कर.